नोंद बोलकी व्हावी, सल्ला मात्र माणसाचाच असावा

कृषी विस्ताराच्या क्षेत्रात माहितीची टंचाई हा आता मुख्य प्रश्न राहिलेला नाही. कामगंध सापळ्यांतील पतंग मोजले जातात, मातीचे नमुने तपासले जातात, पाऊस आणि आर्द्रता नोंदवली जाते, शेतकऱ्यांचे प्रश्न टिपून घेतले जातात. प्रश्न आहे तो नोंद झाल्यापासून तिच्याकडे पाहून कोणीतरी निर्णय घेईपर्यंत उलटणाऱ्या वेळेचा. सोमवारी मोजलेले पतंग गुरुवारी कार्यालयातील तक्त्यात चढतात, तक्ता पुढील आठवड्याच्या बैठकीत उघडला जातो आणि सल्ला निघतो तेव्हा पीक पुढच्या अवस्थेत गेलेले असते. नोंदवहीत सारे काही अचूक असते. उपयोग मात्र कोणालाच झालेला नसतो.

कापसावरील गुलाबी बोंडअळी हे याचे ठळक उदाहरण. अंड्यातून बाहेर पडलेली अळी अल्पावधीतच फुलात वा बोंडात शिरते, शिरण्याचे छिद्र बुजते आणि त्यानंतर फवारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सापळ्यात पतंग दिसू लागल्यापासून अळी बोंडात शिरेपर्यंतचे मोजके दिवस, एवढाच निर्णयाचा काळ. २०१७ च्या हंगामात विदर्भाने आणि २०२१ मध्ये पंजाबच्या मालवा पट्ट्यातील भटिंडा व मानसा जिल्ह्यांनी या किडीचा मोठा फटका सोसला. दोन्हीकडील जमीन, पेरणीचा काळ आणि सिंचनाची सोय वेगळी. वेळेचे गणित मात्र एकच. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीचेही तसेच. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा भागात ती भारतात प्रथम आढळली आणि थोड्याच काळात अनेक राज्यांत पसरली. मोठी झालेली अळी पोंग्यात खोल बसते आणि स्वतःच्या विष्ठेने वरचे तोंड बुजवून घेते. ती लहान असतानाच ओळखली गेली तर उपाय सोपा आणि स्वस्त. एरवी खर्च वाढतो आणि पीकही हाती लागत नाही.

देशात यासाठीच्या व्यवस्था नाहीत, असे मुळीच नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून, एम-किसान पोर्टल २०१३ पासून कार्यरत आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. महाराष्ट्रात २००८ मधील सोयाबीनवरील अळ्यांच्या उद्रेकानंतर 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने करप्याच्या पूर्वानुमानासाठी 'इंडो-ब्लाइटकास्ट' विकसित केले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही आली. या मोठ्या कालव्यांतून पाणी वाहते आहे. परंतु देशभरातील सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रांपैकी अनेकांत शेतातील नोंद विषय विशेषज्ञाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची शेवटची चारी अजून हातानेच उकरावी लागते. नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटावर पडते, त्यावर शुभेच्छांचे शंभर संदेश येऊन बसतात आणि ते छायाचित्र वर सरकत नाहीसे होते. ही चारी बांधण्याचे साधन आज केंद्रांच्या आवाक्यात आहे. ते कसे वापरावे आणि कोठे थांबावे, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

वेबहुक म्हणजे पाटकऱ्याचा निरोप

पाटाला पाणी सुटले का, हे पाहण्यासाठी शेतकऱ्याने दर दोन तासांनी चारीवर चक्कर मारणे ही एक पद्धत. पाणी सुटताच पाटकऱ्याने निरोप धाडणे ही दुसरी. संगणकाच्या जगातही या दोनच पद्धती आहेत. एक प्रणाली दुसरीला ठरावीक अंतराने 'काही नवीन आले का' असे विचारत राहते; किंवा नवीन काही घडताच दुसरी प्रणाली स्वतःहून पहिलीच्या ठरलेल्या पत्त्यावर निरोप पाठवते. या दुसऱ्या पद्धतीला वेबहुक म्हणतात. जेफ लिंडसे या प्रोग्रामरने २००७ मध्ये हा शब्द रूढ केला. निरोपात घटनेचा तपशील असतो: सापळ्याचा क्रमांक, गाव, निरीक्षणाची तारीख, पतंगांची संख्या.

हा निरोप घेऊन तो डेटाबेसमध्ये लिहिणे, त्यावर अट तपासणे आणि पुढे संदेश पाठवणे यासाठी पूर्वी प्रोग्रामर लागत असे. 'नोड-रेड' किंवा 'एन-एट-एन' यांसारख्या लो-कोड साधनांत हीच कामे पडद्यावरील चौकोन एकमेकांना रेषांनी जोडून करता येतात. पहिला चौकोन वेबहुक स्वीकारतो, दुसरा पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये नोंद लिहितो, तिसरा अट तपासतो, चौथा संदेश धाडतो. नोड-रेड २०१३ मध्ये आयबीएम कंपनीत जन्मले आणि ते मुक्तस्रोत आहे. एन-एट-एन २०१९ मध्ये आले. त्याचा परवाना रूढ अर्थाने मुक्तस्रोत नसला तरी संस्थेच्या अंतर्गत कामासाठी ते स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येते. शेतातील नोंद घेण्यासाठी 'कोबो टूलबॉक्स'सारखे अर्ज भरण्याचे साधन वापरले, तर भरलेला प्रत्येक अर्ज सर्व्हरवर येताच तो दिलेल्या पत्त्यावर आपोआप पुढे पाठवण्याची सोय त्यातच आहे.

साधने अशी सुलभ झाली की एक गैरसमज हमखास पसरतो: लो-कोड म्हणजे विचार कमी. वस्तुस्थिती उलट आहे. कमी होते ते टंकलेखन. शेतातले वास्तव नियमात कसे उतरवायचे, हा कठीण भाग जसाच्या तसा उरतो, आणि तो सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा विस्तार कार्यकर्त्याला अधिक कळतो. या साधनांचे खरे मोल तेथेच आहे.

घटना एक सांगते, इतिहास दुसरे

गुलाबी बोंडअळीच्या आर्थिक नुकसानीची पातळी अशी सांगितली जाते: प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग, सलग ३ रात्री; किंवा १० टक्के डोमकळ्या वा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त. यातील पहिला निकष वेबहुकच्या नजरेतून पाहिल्यास अडचण लक्षात येते. वेबहुक एकाच घटनेची बातमी आणतो: आज अमुक सापळ्यात ९ पतंग. काल आणि परवा किती होते, हे त्याला ठाऊक नसते. ते डेटाबेसला ठाऊक असते. म्हणून नोंद आली की लगेच संदेश, ही मांडणी चुकीची ठरते. नोंद आधी डेटाबेसमध्ये लिहावी, मग त्याच सापळ्याच्या मागील रात्रींच्या नोंदी काढाव्यात आणि तिन्ही मिळून निकष पूर्ण होत असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. वेबहुक आणि डेटाबेस यांची जोडणी आवश्यक ठरते ती या कारणाने. जेथे मोजणी रोज न होता आठवड्यातून दोनदा होते, तेथे हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे कोणता आकडा ग्राह्य धरावा, हे कीटकशास्त्रज्ञाने ठरवून द्यावे. ते काम साधनाचे नव्हे.

दुसरी अडचण मोबाइल संपर्काची. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात असो की हिमाचलच्या दरीत, अर्ज संपर्काविना भरला जातो आणि संपर्क आल्यावर एकदम पाठवला जातो. तीन दिवसांच्या नोंदी एकाच मिनिटात येतात, कधी उलट्या क्रमानेही. प्रणाली नोंद पोहोचल्याची वेळ धरून चालली, तर 'सलग तीन रात्री' हा निकष एका मिनिटातच पूर्ण झाल्याचे भासेल किंवा कधीच पूर्ण होणार नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत निरीक्षणाची तारीख आणि पोहोचल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने हवेत आणि नियम पहिल्यावर चालला पाहिजे. या दोहोंतील फरक हेच विलंबाचे माप. वर्षअखेरीस केंद्राला आपल्या कामाचा प्रामाणिक आरसा पाहायचा असेल, तर तो याच फरकात दिसेल.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. पोहोच मिळाली नाही की पाठवणारी प्रणाली तोच निरोप पुन्हा धाडते. ही तिची चूक नव्हे, सावधगिरी आहे. पण घेणाऱ्या बाजूने प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र क्रमांक तपासला नाही, तर एकाच सापळ्याची नोंद दोनदा लिहिली जाते, पतंगांची सरासरी बिघडते आणि विशेषज्ञाला एकच इशारा दोनदा जातो. दोन-चार वेळा असे झाले की इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याची सवय जडते. लांडगा आला रे आला, या गोष्टीचा अर्थ खेड्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

डेटाबेसकडून बाहेर जाणाऱ्या निरोपाबाबतही सबुरी हवी. पोस्टग्रेसमध्ये नवीन नोंद होताच सूचना देण्याची अंगभूत सोय आहे. परंतु ऐकणारी प्रणाली त्या क्षणी बंद असेल, तर ती सूचना हवेत विरते. वीज जाणे हा अपवाद नसून नित्यक्रम असलेल्या ठिकाणी यावर विसंबणे धोक्याचे. त्यापेक्षा तक्त्यात 'इशारा पाठवला' असा एक साधा रकाना ठेवावा आणि साधनाने दर दहा मिनिटांनी न पाठवलेल्या नोंदी शोधून पाठवाव्यात. पद्धत जुन्या वळणाची वाटेल, पण वीज परत आली की काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू होते. दहा मिनिटांच्या उशिराने पिकाचे काही बिघडत नाही. हरवलेल्या इशाऱ्याने बिघडते.

शून्य आणि रिकामी जागा

कीड सर्वेक्षणात 'शून्य पतंग' ही मौल्यवान नोंद आहे. 'नोंदच नाही' ही वेगळी गोष्ट आहे. कागदी नोंदवहीत रिकामी ओळ डोळ्यांना खुपते. स्वयंचलित प्रणालीत ती दिसतच नाही. इशारा आला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे गृहीत धरले जाते. निरीक्षक आजारी पडला, सापळ्यातील ल्यूर बदलायचे राहून गेले, सर्व्हर बंद पडला किंवा परवलीचा शब्द बदलल्याने जोडणी तुटली, तरी शांतता सारखीच.

म्हणून अशा प्रणालीचा सर्वांत महत्त्वाचा संदेश धोक्याचा नसून हजेरीचा असावा. रोज सायंकाळी ठरलेल्या वेळी विशेषज्ञाला एक ओळ जावी: आज ४० पैकी ३६ सापळ्यांच्या नोंदी आल्या, ४ आल्या नाहीत, त्यांची गावे अमुक. हा संदेशच आला नाही, तर प्रणाली बंद आहे हे उघड होते. ज्या केंद्राला एवढी हजेरी लावणे जमणार नाही, त्याने स्वयंचलनाच्या वाटेला न जाता कागदी नोंदवहीच नेटाने चालवावी. ती निदान खोटा दिलासा देत नाही.

सल्ला कोणाचा

अट पूर्ण झाली की शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर फवारणीचा सल्ला आपोआप जावा, असा मोह येथे होणार. तांत्रिकदृष्ट्या ती आणखी एका चौकोनाची आणि एका रेषेची बाब आहे. तरीही ती रेष ओढू नये.

कारणे तीन. निरीक्षकाच्या हातून ८ ऐवजी ८८ टंकले जाऊ शकते. विशेषज्ञाला तो आकडा पाहताच शंका येईल, अटीला येणार नाही. सापळ्यातील संख्या हा निर्णयाचा एक आधार आहे, संपूर्ण निर्णय नव्हे. पिकाची अवस्था, डोमकळ्यांचे प्रमाण, मित्रकीटकांची उपस्थिती, येत्या दोन दिवसांतील पावसाचा अंदाज हे सारे पाहूनच फवारणी करावी की थांबावे हे ठरते. तिसरे कारण सर्वांत वजनदार: चुकीच्या सल्ल्याची किंमत शेतकरी मोजतो. अनावश्यक फवारणीचा खर्च त्याच्या खिशातून जातो, विषबाधेचा धोका फवारणाऱ्या मजुराच्या अंगावर येतो, आणि त्याने जाब विचारायला यावे तर समोर चौकोन आणि रेषा. सल्ल्याखाली माणसाचे नाव असते, म्हणूनच तो सल्ला असतो.

तेव्हा यंत्राची हद्द स्पष्ट आखून द्यावी. नोंद विशेषज्ञापर्यंत विनाविलंब पोहोचवणे, मागील नोंदी तिच्याशेजारी मांडून ठेवणे, ज्या गावांना संदेश जायचा त्यांची यादी तयार ठेवणे हे यंत्राचे काम. 'पाठवा' म्हणणे हे माणसाचे. लो-कोड साधनांत मानवी मंजुरीसाठी थांबण्याची पायरी ठेवता येते. ती कधीही गाळू नये. यामुळे वेग कमी होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु आज हरवणारे दिवस विशेषज्ञाच्या विचारात हरवत नाहीत. ते त्याच्यापर्यंत नोंद पोहोचण्यात हरवतात. सहा दिवस वाचवता येत असताना शेवटच्या अर्ध्या तासाच्या मानवी विचारावर कात्री चालवण्यात शहाणपण नाही.

लघुसंदेशांच्या बाबतीत एक सरकारी बंधन येथे उपकारक ठरते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनंतर संस्थांना आपल्या संदेशांचे मसुदे आधीच नोंदवून घ्यावे लागतात. ऐनवेळी हवा तो मजकूर पाठवता येत नाही. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण त्यामुळेच हंगामाआधी शांतपणे बसून मजकूर ठरवणे भाग पडते. कीटकनाशकाचे नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण, संरक्षक कपड्यांची सूचना हे सारे स्थानिक बोलीत समजेल असे लिहिले आहे का, हे चार शेतकऱ्यांकडून वाचून घेण्यास त्या वेळी सवड असते. ऑगस्टमधील धावपळीत ती नसते.

दाराची किल्ली आणि बदलीचा आदेश

वेबहुकचा पत्ता हे इंटरनेटवर उघडणारे दार आहे. पत्ता ठाऊक असणारा कोणीही त्यातून खोटी नोंद आत सरकवू शकतो. म्हणून निरोपासोबत गुप्त संकेत तपासल्याशिवाय नोंद स्वीकारू नये. साधनाला डेटाबेसमध्ये नोंदी वाचण्या-लिहिण्यापुरताच अधिकार द्यावा. पुसण्याचा देऊ नये. शेतकऱ्यांची नावे आणि भ्रमणध्वनी क्रमांक सापळ्यांच्या तक्त्यात न ठेवता वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही: ही साधने प्रत्येक वेळच्या कामाचा तपशील स्वतःजवळ साठवतात. त्यातून गेलेला भ्रमणध्वनी क्रमांक तेथेही पडून राहतो. तो ठरावीक मुदतीने पुसला जाईल, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशी असलेले तत्त्व खेड्यातील साध्या व्यवहाराचेच आहे: ज्या कामासाठी विश्वासाने दिले, त्याच कामासाठी वापरावे. कीड सल्ल्यासाठी दिलेला क्रमांक निविष्ठा विक्रेत्याच्या हाती लागला, तर शेतकरी पुढच्या वेळी क्रमांक देणार नाही, आणि तो विश्वास कोणतेही साधन परत जोडून देऊ शकणार नाही.

याहून मोठा धोका मात्र बाहेरचा नाही. केंद्रातील एखादा उत्साही तरुण रात्री जागून सारी जोडणी करतो, आपल्या वैयक्तिक खात्यावर चालवतो आणि दोन वर्षांनी त्याच्या बदलीचा आदेश निघतो. परवलीचे शब्द त्याच्यासोबत जातात आणि प्रणाली मूकपणे बंद पडते. खाते संस्थेच्या नावे असावे. जोडणीची निर्यात केलेली प्रत आणि ती समजावणारे दोन पानी साधे टिपण केंद्राच्या कपाटात असावे. किमान दोघांना ती चालवता यावी. प्रभार हस्तांतरणाच्या यादीत खुर्च्या-टेबलांची मोजदाद होते. तीत या जोडणीचीही एक ओळ असावी.

असे करताना प्रत्येक केंद्राने वेगळी चूल मांडावी, असा याचा अर्थ नव्हे. राज्याच्या आणि केंद्राच्या सर्वेक्षण प्रणालींना लागणारी नोंद त्यांच्याच नमुन्यात, त्यांच्याच गाव-संकेतांकांनी ठेवली, तर निरीक्षकाला एकच आकडा तीन ठिकाणी भरावा लागणार नाही. त्याचा वाचलेला तास शेतात खर्ची पडेल, आणि नोंदीचा दर्जा अखेर त्या तासावरच अवलंबून असतो. एका सापळ्याकडे नीट न पाहता भरलेला आकडा कितीही वेगाने पोहोचला, तरी तो आकडा चुकीचाच राहतो.

येत्या खरिपासाठी केंद्रांनी एवढेच ठरवावे: एक पीक, एक कीड, एक नियम, एक विशेषज्ञ. चाळीस सापळे पुरे. पहिल्या हंगामात एकही संदेश शेतकऱ्याला आपोआप जाऊ नये. कागदी नोंदवहीही सोबत चालू ठेवावी. हंगाम संपल्यावर दोन प्रश्नांची उत्तरे मांडावीत. निरीक्षणापासून विशेषज्ञाने नोंद पाहीपर्यंत आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागला? आणि प्रणाली किती वेळा गप्प राहिली, जेव्हा तिने बोलायला हवे होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लपवले नाही, तर पुढील वर्षी दुसरे पीक घेण्यास हरकत नाही. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपल्या केंद्राला हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांच्या शेतातील सापळा त्यांच्याच कष्टाने उभा आहे. त्यात सापडलेल्या पतंगाची बातमी कोठवर पोहोचली, हे जाणून घेण्याचा पहिला हक्क त्यांचाच.